तिचं दुखणं मीच सांगायचो

माझ्या बायकोचा गुडघा शेवटपर्यंत नीट वाकला नाही, त्यात माझा हात होता. डॉक्टरांचा नव्हता. त्या शिकणाऱ्या पोरीचाही नव्हता, जरी ती आजही स्वतःचाच म्हणते. मुलगा मला सांगतो, आबा, झालं गेलं, कशाला उकरता. उकरायचं काय त्यात, ते वरच पडलंय. सकाळी उठलो की त्याच्यावरच पहिला पाय पडतो.

तिला एकच गोष्ट पाहिजे होती. सोनगीरच्या थांब्यावरून एस.टी.त आपल्या पायानं चढायचं आणि धुळ्याहून जळगावची गाडी धरून असोद्याला जायचं. असोदा तिचं माहेर. तिची मोठी बहीण गावातच दिलेली, ती आता खाटेवरून उठत नाही. फोनवर तिला ऐकू येत नाही, म्हणून भेटल्याशिवाय बोलणं नाही. मुलगा म्हणाला, मी गाडी करून देतो. ही म्हणाली, "गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवत बसतो. चहा गिळायचा आणि निघायचं. मला दोन दिवस राहायचंय." एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा ती म्हणाली होती, "सरकारनं अर्धं केलं आणि या गुडघ्यानं सगळंच बंद केलं." बोलायला अशी होती.

म्हणून गुडघा बदलायचं ठरलं. धुळ्याला मोठ्या दवाखान्यात, जिथं शिकवायचं कॉलेजही आहे तिथं, ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा कोट घातलेली एक लहानखुरी पोरगी कॉटपाशी आली. फिजिओथेरपीची. आधीचं शिक्षण संपवून हाडांच्या विभागात पुढचं शिकत होती, पहिलंच वर्ष होतं. वॉर्डात तिला सगळे रेसिडेंट म्हणायचे. केळीवाल्या घरातली, फैजपूरकडची. हातात दोन पट्ट्यांचं कोनमापक होतं, पोरांच्या कंपासपेटीत असतं त्याचा मोठा भाऊ. ते ती गुडघ्याला लावायची आणि किती वाकला ते बघायची.

तिनं पाय धरला, हळूच वाकवला आणि विचारलं, "आजी, दुखतंय का? काहीच दुखत नसेल तर शून्य, सहनच होत नसेल तर दहा. किती सांगाल?"

आमची डोकरी विचारात पडली. मग म्हणाली, "बारा आणे."

पोरगी गोंधळली. "दहापैकी, आजी."

"रुपयापैकी सांगते ना बाई."

शेजारच्या कॉटवरचा माणूस हसायला लागला. पोरगीही हसली, पण तिला काही तो हिशोब लागेना. तिच्या वयाला आणे कुठले माहीत. मग मी मध्ये पडलो. म्हटलं, "बारा आणे म्हणजे आठ समजा. आठ लिहा, मॅडम."

तिनं आठ लिहिलं. झालं एवढंच. एवढ्यावरून सगळं सुरू झालं.

कारण दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं डोकरीला, पण बघितलं माझ्याकडे. मी म्हणालो, आठ. तिसऱ्या दिवशीही आठ. आमच्याकडे तशी रीतच होती. डॉक्टरपुढं बाईनं बसायचं आणि नवऱ्यानं सांगायचं. काय खाल्लं, कधी उलटी झाली, पोट साफ होतं का, सगळं नवऱ्याच्या तोंडून. तिला त्याचं काही वाटायचं नाही असं मी धरून चाललो होतो. दुखणं तिचं, बोलणं माझं, वाटणीच झालेली.

पहिल्या दिवशी पाय वाकवताना तिचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं होतं. दात दाबून धरले होते आणि डोळ्यांतून आपोआप पाणी येत होतं. मला ते बघवलं नाही. मला वाटलं, मोठा आकडा सांगितला की पोरगी कमी वाकवेल. आणि तसंच झालं. पोरगी नवी होती, घाबरायची. आठ ऐकलं की हात ढिला करायची. म्हणायची, "बरं आजी, आज एवढंच. उद्या बघू." मग बर्फाची पिशवी लावून द्यायची. डोकरी म्हणायची, "झालं का गं? लवकर झालं." मी म्हणायचो, "झालं, पडून राहा." मला वाटायचं मी तिची राखण करतोय.

ती पोरगी मेहनती होती, एवढं सांगतो. सकाळी सगळ्यांच्या आधी वॉर्डात. दिवसभर कोणाचा खांदा, कोणाची कंबर. तिचे अंगठे दुखायचे, दुसऱ्या हातानं दाबत उभी राहायची. शनिवारी त्यांची केस असायची. एकेका शिकणाऱ्यानं एकेका पेशंटचं सगळं मांडायचं आणि मोठ्यांनी त्याला विचारून विचारून घाम फोडायचा. शुक्रवारी तिचं तोंड उतरलेलं असायचं. डोकरी मला म्हणाली, "पोरगी जेवली नाही वाटतं. लाडू आहे का उरलेला?" दुखणं हिचं आणि लाडू त्या पोरीला.

एका सकाळी त्यांच्या विभागाच्या मोठ्या मॅडम आल्या. मागे चार-पाच पोरंपोरी. मॅडमनी कोनमापक स्वतः लावलं आणि भुवई वर गेली.

"इतके दिवस झाले आणि एवढाच वाकतोय? का?"

पोरगी म्हणाली, "मॅडम, पेन खूप आहे. आठ."

"कोणी सांगितलं आठ?"

पोरीनं माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "मी सांगितलं."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "बाबा, गुडघा तुमचा आहे का?"

"बायको माझी आहे ना."

सगळा वॉर्ड हसला. मॅडमही हसल्या, पण लगेच पोरीकडे बघितलं तेव्हा हसू नव्हतं. "पेशंट कोण आहे, तुला माहीत आहे ना?" एवढंच म्हणाल्या. पोरीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग मला म्हणाल्या, "बाबा, खाली चहा बरा मिळतो. जाऊन या."

मी गेलो, पण तणतणत गेलो. चहावाल्याला ऐकवलं की आता म्हाताऱ्या माणसाला बायकोपाशी उभंही राहू देत नाहीत. तो म्हणाला, "बाबा, सगळ्याच नवऱ्यांना मॅडम खाली पाठवतात, माझा धंदा त्यावरच चालतो." मला हसू आलं नाही.

वर आलो तेव्हा डोकरी घामानं भिजली होती आणि पाय आधीपेक्षा जास्त वाकलेला होता. तोंड लाल, पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळं होतं. जत्रेतून आलेल्या पोरीसारखं.

"काय सांगितलं त्यांना?" मी विचारलं.

"काही नही. तुमले काय करनं शे?" ती म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली.

त्या दिवसापासून व्यायामाच्या वेळी मला बाहेर बसवायचे. पडद्याच्या आतलं बोलणं ऐकू यायचं. तिची माहेरची बोली अजून गेलेली नाही, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. 'आहे'ला आमच्याकडे 'शे' म्हणतात, तिच्या माहेराकडे 'हाये' म्हणतात. लग्न होऊन आली तेव्हा घरातल्यांनी तिच्या 'हाये'ला इतकं चिडवलं होतं, मीही चिडवलं होतं, की तिनं ते टाकूनच दिलं होतं. त्या फैजपूरच्या पोरीपाशी ते परत आलं. "दुखत हाये, पण तू वाकव." बाकावर बसून मी ऐकत होतो आणि मला वाटत होतं, आत कोणी दुसरीच बाई आहे.

पण उशीर झाला होता. मोठ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की सुरुवातीचे दिवस महत्त्वाचे असतात, तेव्हा सांधा हलला नाही तर आतल्या आत चिकटत जातो. तो भूल देऊन वाकवता येतो. पण भुलीच्या डॉक्टरांनी तिचं हृदय तपासलं आणि नको म्हणाले. मग पोरीनं आपल्या हातांनी जेवढं जमेल तेवढं केलं. आम्हाला घरी सोडल्यावरही ती बोलवायची, आम्ही जायचो. घरात चालण्यापुरता गुडघा झाला. खुर्चीत बसण्यापुरता झाला. बसच्या पायरीपुरता झाला नाही.

ते कळलं थांब्यावर. पावसाळा संपल्यावर एका सकाळी ती तयार झाली. नवं लुगडं, पिशवीत बहिणीसाठी शेव आणि मुगाचे पापड. मी सोबत जाणार होतो. धुळ्याची गाडी आली. तिनं दांडा धरला, चांगला पाय वर टाकला आणि मग तो दुसरा पाय वर येईना. पायरीच्या कडेला चप्पल घासायची आणि खाली यायची. मागे लोक ताटकळले.

कंडक्टर म्हणाला, "आजी, मागून लोटू का?"

"पोतं आहे का मी, लोटायला?"

"पोतं असतं तर टपावर टाकलं असतं. घ्या, दम घ्या, परत लावा. मी थांबवतो गाडी."

माणूस चांगला होता. ती दम घेत होती. दांडा तिनं सोडला नव्हता. आणि मी म्हणालो, "राहू द्या साहेब. दुखतंय तिला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं ते मला लिहिता येत नाही, मी सातवी शिकलेला माणूस आहे. मग तिनं दांडा सोडला. गाडी गेली. पापड आम्हीच खाल्ले.

थंडीत ती गेली. सकाळी खुर्चीत बसली होती, चहा पुढे होता. हृदयानं गेली, गुडघ्यानं नाही. लोक म्हणाले, चांगलं मरण आलं, कोणाला त्रास दिला नाही. असोद्याहून बहिणीचा मुलगा दहाव्याला आला होता. जाताना म्हणाला, "काका, आई तुमची वाट बघते. येऊन जा." मी हो म्हणालो आणि गेलो नाही. त्या खाटेसमोर जाऊन उभं राहायची माझी छाती नव्हती.

घरात तिचा वॉकर उभा होता. तो दिसला की वाटायचं ती न्हाणीत गेली आहे आणि इथंच विसरून गेली आहे. सून म्हणाली, भंगारात देऊ. मी म्हणालो, नको, दवाखान्यात कोणाच्या तरी कामी येईल. एक दिवस तो घेऊन धुळ्याला गेलो.

पोरगी तिथंच होती. आता तिचं शेवटचं वर्ष, परीक्षा जवळ आलेली. दोन नवी पोरं तिच्या मागे फिरत होती आणि ती त्यांना काहीतरी दाखवत होती. आवाज आता ठाम झाला होता. मला पाहून थांबली. वॉकरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आजी?"

"गेली."

ती तिथल्या तपासायच्या टेबलावरच बसली. नव्या पोरांना म्हणाली, तुम्ही जा. ती अंगठे दाबत होती.

शेवटी म्हणाली, "आबा, एक विचारू? शनिवारी माझी केस आहे. शेवटची. मॅडमनी सांगितलंय, जी चुकली ती मांड. मी आजींची मांडणार होते. नाव नाही येणार कुठे. तुम्ही नको म्हणालात तर नाही मांडणार."

"चुकलं काय म्हणून सांगशील?"

"की मी पेशंटला विचारलं नाही. नातेवाईक सांगतील ते लिहीत गेले."

"नातेवाईक म्हणू नको," मी म्हणालो. "नवरा म्हण."

तिनं मान खाली घातली. मी म्हणालो, "पोरी, तुझी चूक नाही. मी खोटं सांगत होतो. तिला एवढं दुखत नसणार. तिनं पहिल्या दिवशी बारा आणे सांगितलं, ते पहिल्या दिवसाचं होतं. पुढचे सगळे आठ माझे."

"मला माहीत आहे, आबा. आजींनी सांगितलं होतं."

"कधी?"

"मॅडमनी तुम्हाला चहाला पाठवलं ना, तेव्हा. मी विचारलं, खरं किती दुखतंय? म्हणाल्या, चार आणे. मग मी विचारलं, आजी, मग आबा आठ सांगतात तेव्हा तुम्ही बोलत का नाही?" ती थांबली. मग डोकरीच्याच बोलीत, तिच्याच हेलात म्हणाली, "'बोलू दे व माय त्यायले. आख्खा जन्म सांगत आले, तिले काही नही व्हत. आता पहिल्यांदा मह्य दुखणं मोठं करून सांगू राह्यले. आयकाले बरं वाटतं.'"

ती हे चांगलं वाटावं म्हणून सांगत होती. तरुण पोरगी, तिला वाटलं आबांचं मन हलकं होईल. मी हो हो म्हणालो. वॉकर दिला आणि बाहेर आलो. खाली चहावाल्यापाशी जाऊन बसलो आणि चहा न घेताच उठलो.

इतके महिने मी त्या आठाला रडत होतो. आणि ती आठ ऐकायला गुडघा खर्ची घालत होती.

तिले काही नही व्हत. हे मी किती वेळा म्हणालो असेन ते मोजायची सोय नाही. धाकट्याच्या बाळंतपणानंतर तिला ताप येत होता, नर्सबाई विचारायला आली, मी दारातूनच म्हणालो, तिले काही नही व्हत, उद्या उठेल. कापसाच्या गाडीवरून पडली तेव्हा पोरं धावली, मी म्हणालो, काही नही व्हत, माती झटका. आणि हाच गुडघा. कापूस वेचताना सुजायचा. गावातल्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा त्यानं विचारलं, काय होतंय वहिनींना? मी म्हणालो, "काही नाही डॉक्टर, कामाचा कंटाळा." डॉक्टर हसला. मी हसलो. तीही हसली. मला ते हसणं आठवतं. पदर तोंडावर धरून हसली होती, आणि खुर्चीतून उठताना टेबलाला धरून उठली होती. मी पाहिलं होतं. पाहिलं नाही असं नाही.

तेव्हाच दाखवलं असतं तर गुडघा इतका झिजला नसता, असं मोठे डॉक्टर ऑपरेशनच्या आधी म्हणाले होते. मी तेव्हाही उत्तर दिलं होतं. म्हणालो, "ती कधी बोललीच नाही." हे मी डॉक्टरांना तिच्यासमोर सांगितलं. ती ऐकत बसली होती.

शनिवारी त्या पोरीची केस झाली असेल. मी गेलो नाही, मला कोणी बोलावलंही नव्हतं. त्या दिवशी मी जळगावच्या गाडीत बसलो. तिथून असोदा.

अक्का, म्हणजे तिची मोठी बहीण, खाटेवर होती. इतकी बारीक झालेली की गोधडीखाली कोणी आहे असं वाटत नव्हतं. अक्काच्या सुनेनं तिच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, कोण आलंय ते. अक्कानं हातानं चाचपून माझा हात धरला. हाताची घडण तीच, आमच्या डोकरीची. मी स्टुलावर बसलो. थोडा वेळ ती नुसता हात धरून होती. मग म्हणाली,

"भाऊ, मह्या बहिनीले लय दुखलं का ओ?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. 'नाही अक्का, काही नाही दुखलं.' ते अगदी ओठापर्यंत आलं. त्याच्या मागोमाग दुसरंही आलं, की फार दुखलं, फार सोसलं तिनं. दोन्ही मला सारखीच पाठ होती. ती मान वळवून वाट बघत होती, कान माझ्याकडे करून.

"मला माहीत नाही, अक्का," मी म्हणालो.

तिला ऐकू गेलं नाही. सून म्हणाली, "काय म्हणालात काका?"

"मला माहीत नाही म्हणालो. सांग तिला. मी कधी विचारलंच नाही."

सून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. "असं काय करता काका," ती हळूच म्हणाली. "तुम्ही तर जवळच होतात ना?"

"होतो," मी म्हणालो.